राणी रंगाचं पाणी

तिसऱ्यांदा तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले आणि तिसऱ्यांदा बाटलीतलं पाणी लाल झालं. निळं व्हायला हवं होतं. निळं म्हणजे पाणी हलकं, लाल म्हणजे जड. मी बाटली मोरीत रिकामी केली आणि न्हाणीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या लांबोळक्या टाकीला लाथ घातली. टाकीला काहीच झालं नाही. माझा अंगठा मात्र चांगला सुजला.

ही टाकी म्हणजे आमचा सॉफ्टनर. मोहल्ल्यात सगळे त्याला मिठाची मशीन म्हणतात. आमच्या अंगणातल्या बोरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजता शिजत नाही, साबणाचा फेस होत नाही आणि पाणी तापवलेल्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला पांढरा थर धरतो. घरातल्या बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. माझं अडत होतं, कारण मी रंगरेजाची लेक आहे आणि घरी कपडे रंगवते. माझं माहेर सिरोंचाचं. तिथे माझ्या वडिलांची रंगाची भट्टी प्राणहितेच्या पाण्यावर चालायची, आणि पाणी खराब असू शकतं हे मला लग्न होऊन चंद्रपूरला येईपर्यंत माहीतच नव्हतं. इथे पहिलीच ओढणी रंगवली तर तिच्यावर माशा बसल्यासारखे ठिपके उमटले. बोरच्या पाण्यात रंग फाटतो, दुसरं काही नाही.

माझ्या नवऱ्याचं, अजीमचं, बाजारात मॅचिंग सेंटर आहे. गिऱ्हाईक सूटचं कापड आणतं, आणि मी त्याच रंगात ओढणी रंगवून देते. एवढं मोठं सॉफ्टनरचं धूड आम्ही आणलं ते त्यासाठीच. बल्लारपूरची एक लॉज बंद पडली होती, तिथून ते टेम्पोत घालून आलं. लॉजच्या जुन्या माणसाने माझ्या अंगणात उभं राहून एकदा सगळं समजावून सांगितलं आणि चहा पिऊन तो गेला. कंपनीचा मेकॅनिक नागपूरला. एसटीडी बूथवरून फोन केला की तो म्हणायचा, "उद्या येतो ताई." त्याचा उद्या दिवाळीपासून सुरू होता आणि आता मे लागला होता. शेवटी मी पाना आणि पेचकस घेऊन स्वतःच बसायला लागले.

यंत्र तसं सोपं आहे. उभ्या टाकीत राळेचे बारीक पिवळे दाणे असतात, मोहरीएवढे. पाणी त्यांच्यातून गेलं की पाण्यातला चुना दाण्यांना चिकटतो. काही दिवसांनी दाणे चुन्याने भरून जातात, मग ते मिठाच्या पाण्याने साफ करायचे. शेजारी मिठाचं पिंप असतं, त्यात खडा मीठ भिजत असतं. वरचा दांडा फिरवायचा की आधी साधं पाणी उलट्या दिशेने जाऊन दाणे धुतले जातात. मग दांडा पुढे न्यायचा की यंत्र पिंपातलं खारं पाणी आपोआप ओढून घेतं. मग पुन्हा खळखळून धुणं. हे सगळं पाणी एका रबरी नळीतून भिंतीबाहेर, गल्लीतल्या नालीत जातं. पुरता तास लागतो, पण तासभर यंत्रापाशी बसावं लागत नाही. मी दांडा फिरवून मागच्या अंगणात भट्टीकडे जायची आणि वेळ झाली की परत येऊन पुढे फिरवायची.

पण आता यंत्र मीठ ओढेना. पिंपातलं पाणी होतं तिथेच. कधी चार बोटं उतरायचं, कधी तेवढंही नाही.

अडचण अशी होती की मी आधीच फसले होते. चिमूरच्या रामाजींच्या मुलीचं, मयुरीचं लग्न होतं. तिला स्वतःची ओढणी आणि सगळ्या बहिणींच्या, मैत्रिणींच्या ओढण्या एकाच राणी रंगाच्या हव्या होत्या. एक नमुना मी रंगवून दिला आणि तो इतका देखणा उतरला, की पोरीने दुकानातच तो डोक्यावरून घेतला आणि आरशासमोरून हलेना. "बस्स, ह्याच कलरच्या सगळ्या पायजे मले," ती म्हणाली. अजीमने हो म्हटलं. मीसुद्धा हो म्हटलं. नमुना शुक्रवारच्या पाण्यावर झाला होता. त्या शुक्रवारी यंत्राने पिंप कसं चाटूनपुसून ओढलं होतं, आणि थेंब टाकल्यावर पाणी आभाळासारखं निळं झालं होतं. त्यानंतर एकदाही नाही.

त्या शुक्रवारनंतर पहिल्या दोन ओढण्या रंगवल्या. एक वांग्याकडे झुकली, दुसरीवर ठिपके. नमुन्याशेजारी धरल्या तेव्हा मला रडू आलं. मी कामावर रडणारी बाई नाही, पण आलं.

अजीमने दोन्ही ओढण्या उजेडात धरून पाहिल्या. तो वाईट माणूस नाही, ओरडतही नाही. त्याच्या न ओरडण्यानेच माझं डोकं जास्त फिरतं.

"नाहीद, नको करू आता," तो म्हणाला. "कपडा नागपूरले पाठवून देतो. तिथी मोठी डाईंग हाये. एका दिवसात देतेत."

"आनं माह्या भट्टीचं काय?"

"भट्टीचं काय? एवढ्या गरमीत कायले जीव देतं तिथी? आता सगळे तिथूनच करून घेऊन राह्यले. तू आराम कर."

आराम! मला कुणी शिवी दिली असती तर कमी झोंबली असती. एकदा कपडा नागपूरला गेला की तो परत माझ्या भट्टीवर येणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. माझ्या वडिलांनी मला बोटाला धरून शिकवलेला धंदा होता तो. या घरात रोट्या भाजणारी कुणीही असू शकली असती. कपड्याला हवा तो रंग देणारी मी एकटी होते.

"शनिवारी चिमूरचे लोक येनार हायेत न?" मी म्हटलं. "शुक्रवारपर्यंत मले टाइम दे. नाई जमलं तं पाठव नागपूरले. मी भट्टीवर माती टाकीन."

बोलून तर बसले.

मग मी त्या यंत्राच्या मागे हात धुऊन लागले. मिठाच्या पिंपात वरती टणक पापुद्रा धरला असेल आणि खाली पोकळी झाली असेल, म्हणून मुसळाने ठोकून पाहिलं. पापुद्रा नव्हता. मीठ ओढणारी बारीक नळी काढून फुंकली. साफ होती. वरचा व्हॉल्व्ह उघडला. त्यात एक प्लास्टिकचं बोंड असतं, त्याला सुईच्या नाकाएवढं भोक. तिथे कचरा अडकला की ओढ मरते. अजीमच्या दुकानातली शिवणाची सुई आणून ते भोक कोरलं, निंबाच्या रसात बुडवून ठेवलं, धुऊन बसवलं. दांडा फिरवला. भट्टीकडे गेले. परत आले तर पिंप भरलेलं.

मग वाटलं कुठून तरी हवा खेचत असेल. सगळे रबरी वायसर काढले, पुसले, व्हॅसलीन चोळून पुन्हा बसवले. एक वायसर चिरलेला निघाला तेव्हा मला इतका आनंद झाला, जसा काही चोर सापडला. भर उन्हात बाजारात जाऊन नवा आणला. बसवला. पिंपात पाणी तिथेच. नवीन वायसर काढून मी भिंतीवर फेकला, आणि मग अर्धा तास तो शोधत बसले, कारण तो तर लागणारच होता.

बाहेरची नळीही पाहिली. पाहिली नाही असं नाही. दार उघडून डोकावले तर नळीखाली आमच्या समोरच्या सुगंधाबाईची बादली लावलेली होती आणि नळी मोठ्या धारेने वाहत होती. माझे सासरे, गुलाम रसूल, म्हणजे आमचे अब्बा, शेजारी ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. डावा खांदा उजव्यापेक्षा वीतभर खाली. दिवसभर ते तिथेच बसतात, फक्त नमाजाला उठतात. मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या हापशीला पाणी उरत नाही आणि नगरपालिकेचा नळ एक दिवसाआड करंगळीएवढा येतो. नालीत जाणारं पाणी बायका भांडी घासायला नेत होत्या, त्यात माझं काय जात होतं? नळी वाहते आहे एवढं मी पाहिलं आणि दार लावलं.

राहिला होता पाण्याचा जोर. शुक्रवारी दुपारी जमलं होतं, म्हणजे त्या वेळी जोर जास्त असणार. मी लोडशेडिंगला दोष दिला. मोटर चालू नसेल, वरची टाकी भरली नसेल, म्हणून ओढ येत नसेल. मग सोमवारी लाईट असताना, वरची टाकी काठोकाठ भरून, बरोब्बर शुक्रवारच्याच वेळेला दांडा फिरवला. पिंप हललं नाही. मंगळवारी सकाळी केलं, बुधवारी केलं. मिठाचं अख्खं पोतं आणून ठेवलं होतं आणि ते खपत नव्हतं म्हणून मी चिडत होते. दुसऱ्या बायका मीठ संपलं म्हणून चिडतात.

गुरुवारी मी मेकॅनिकला शेवटचा फोन केला. तो म्हणाला, "दाणे मेले असतील ताई. नवे टाकावे लागतील. उद्या येतो." मी फोन आपटला. बूथवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो दुसरीकडे पाहायला लागला.

घरी येऊन शेवटचं म्हणून दांडा फिरवला. या वेळी भट्टीकडे गेले नाही. कशाला जाऊ? भट्टी पेटवायचं मनच उरलं नव्हतं. न्हाणीत पालथ्या बादलीवर बसून राहिले, वेळ झाली तसा दांडा पुढे नेला. आणि यंत्राने मीठ ओढायला सुरुवात केली.

मी डोळे फाडून पाहत राहिले. पिंपातलं पाणी सुरसुर करत उतरत होतं. एक बोट, दोन बोटं. बारीक नळीतून खारं पाणी पळताना स्पष्ट दिसत होतं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ते थांबलं. कुणी दांडा हलवला नव्हता, लाईट गेली नव्हती. यंत्राचा आवाज घुसमटून बंद झाला. थोड्या वेळाने बाहेरून सुगंधाबाईचा आवाज आला, "चाचा, सोडा आता!" आणि यंत्र पुन्हा ओढायला लागलं.

मी उठले. ओढणी डोक्यावर घ्यायचंही सुचलं नाही. दार उघडून ओट्यावर गेले.

अब्बा मांडी घालून बसले होते. सुगंधाबाईची बादली भरली. तिने ती उचलली. अब्बांनी नळीचं टोक उचललं, मधोमध मोडून दुमडलं, त्यावर सुतळीचे दोन वेढे घातले आणि नळी पायाजवळ ठेवून दिली. अगदी सावकाश. दूध उतू जाऊ नये म्हणून बाई चूल कमी करते, तितक्या सहज. पाणी बंद.

मागे न्हाणीत यंत्र घुसमटलं.

"अब्बा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं. "काय बेटा? बकेट नाई लागली न आता. सरूबाईची येईन, मंग सोडतो."

"रोज करता हे?"

"रोज. काऊन?"

लपवाछपवी काही नव्हती. त्यांनी मला विचारलं नव्हतं आणि मी त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच. मी डोकावले तेव्हा नळीखाली बादली होती, म्हणून ती वाहत होती. बादली नसली की ते नळी दुमडून ठेवायचे, दुसरी बादली येईपर्यंत. दुपारी कुणी आलं नाही तर तशीच ठेवायचे, असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला उठताना सोडायचे. आणि शुक्रवारी दुपारी ते जुम्म्याला आधीच मशिदीत जाऊन बसले होते. सोमवारी मी त्याच वेळी दांडा फिरवला, पण सोमवारी जुम्मा नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळे वायसर, सगळी सुई-कोरणी, ती वांगी रंगाची ओढणी, अजीमचं ते 'आराम कर', सगळं एकदम वर आलं.

"माही भट्टी बुजवून राह्यले तुम्ही!" मी ओरडले. गल्लीतल्या बायका थांबल्या. "नळी बंद केली की मशीन मीठ खेचत नाई. मीठ नाई खेचलं तं पानी जडच राह्यते. मंग रंग फाटते. आठ दिवस झाले मी मशीन खोलून राह्यली, बांधून राह्यली, आनं तुम्ही इथी बसून नळीले सुतळी बांधून राह्यले? परवा चिमूरचे लोक येनार हायेत. नाई जमलं तं कपडा नागपूरले चालला, आनं मी घरात बसली. समजलं तुम्हाले?"

सासऱ्यांशी असं कुणी बोलत नाही आमच्यात. मी बोलले. सुगंधाबाई बादली तिथेच ठेवून म्हणाली, "जाऊ दे न व बाई, म्हातारा मानूस हाये." तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

 अब्बांनी आपल्या खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवला.

"तुले मालूम हाये न, आम्ही भिश्ती," ते म्हणाले. "माहा बाप मशक घेऊन जाये, मंग मी गेलो. लगनाचे मांडव, हॉटेलं, सायबाचे बंगले. झरपट नदीतून भरून आनाचं. चामड्याची मशक, भरली की आदमीएवढी वजनदार. रस्त्यात एक थेंब सांडला तं बाप मांगून कानाखाली दे." मग म्हणाले, "नालीत पानी चाललं न, त मले आयकू येते बेटा. झोपेतही आयकू येते. आनं समोर बाया खाली भांडे घेऊन हापशीवर उभ्या. मी कसं पाहू?"

 राग तर तसाच होता. तो असा लगेच जात नाही माझा. पण आता तो कुणावर काढावा हे कळेना.

"सुरुवातीचं पानी बायाईले द्या," मी शेवटी म्हटलं. "दांडा फिरवला की मी आवाज देईन, ते पानी साफ राह्यते. त्याच्यानंतर खारं येते. ते जनावरही पिनार नाई. ते जाऊच द्यावं लागते, अब्बा. पुरं. मधात बंद नाई कराचं."

"सगळं नालीत?"

"सगळं."

त्यांनी खाली वाकून सुतळी सोडली. गाठ ओली झाली होती, बोटांना लवकर सुटेना. मी सोडवायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली. सुटल्यावर त्यांनी सुतळी घडी करून खिशात ठेवली, चपला घातल्या आणि आत त्यांच्या खोलीत जाऊन पडले. ओट्याच्या भिंतीपलीकडेच त्यांची खाट आहे.

मी पहिल्यापासून सगळं केलं. सुरुवातीच्या पाण्याने बायकांनी गुंड, कळश्या, बादल्या, मिळेल ते भरून नेलं. मग दांडा पुढे नेला आणि सांगितलं, आता नको. यंत्र सुरसुरायला लागलं. पिंप उतरत गेलं, तळाचे खडे दिसले. नळी नालीत वाहत राहिली, आधी खारी, मग कमी खारी, मग तशीच, कारण शेवटपर्यंत धुतल्याशिवाय चालत नाही. हापशीवर उभ्या असलेल्या बायका नालीकडे पाहत होत्या.  मी ओट्यावर उभी राहून ते पाणी जाऊ देत होते. इतकं पाणी जाताना पाहायची मलाही सवय नव्हती, मी तर नेहमी भट्टीपाशी असायची. यंत्रावर आठ दिवस चिडले, त्यापेक्षा तो अर्धा तास जड गेला.

थेंब टाकले. निळं.

शुक्रवारी सकाळी भट्टी पेटवली. रंग घोळला, पाणी तापलं, एकेक ओढणी सोडली, ढवळली, वर काढली. नमुना मी दोरीवर टांगून ठेवला होता. पहिली ओढणी पिळून त्याच्याशेजारी टाकली, वाळेपर्यंत तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. वाळली. नमुना कोणता आणि ती कोणती, मलाच सांगता येईना. दुपारपर्यंत सगळं अंगण राणी रंगाने भरून गेलं. अजीम जेवायला आला तो दारातच थांबला. ओढण्यांच्या खालून वाकून आत येत म्हणाला, "नागपूरले पाठवाचं नाई आता." मी म्हटलं, "आराम मी मेल्यावर करीन." तो हसला. मीही हसले असते, पण अब्बा सकाळपासून ओट्यावर बसले नव्हते.

मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अब्बा, जमलं. सगळ्या एका रंगाच्या झाल्या."

ते उठून बसले. चेहरा खरंच उजळला. "मालूम होतं मले," ते म्हणाले. "तुहा हातच चांगला हाये बेटा." कप घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग बशी तशीच हातात धरून विचारलं, "काल किती पानी गेलं?"

वरची टाकी तळाला गेली होती. ती भरायला रात्री मोटर लावावी लागली होती. आणि हा माणूस भिंतीच्या या बाजूला, नळीपासून हाताच्या अंतरावर, सगळा वेळ जागा होता.

"दोन बकेट," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशीतला चहा हळूच पिऊन संपवला, एकही थेंब न सांडता, आणि बशी मला परत दिली.

"दोनच न," ते म्हणाले. "मंग काई नाई. दोन बकेट तं जातेच."